पेशंट घरी, डॉक्टरांसमोर सून: पावती कोणाच्या नावाची?

पत्र

माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांना डिमेन्शियाचं निदान झालं. ऑगस्टमध्ये लघवीच्या संसर्गामुळे एकाएकी भ्रमिष्टासारखं वागू लागल्या, म्हणून पाच दिवस ॲडमिट होत्या. १८ ऑगस्टला घरी सोडलं. तो खर्च त्यांच्या स्वतःच्या ५ लाखांच्या मेडिक्लेममधून कॅशलेस झाला. त्या पॉलिसीला सहा वर्षं पूर्ण आहेत. पण घरी आल्यापासून रात्री झोपत नाहीत, कडी काढून बाहेर निघतात, सांभाळायला ठेवलेल्या ब्यूरोच्या मावशींवर हात उगारतात. त्यांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, आणि त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी काही बोलता येत नाही. म्हणून ९ सप्टेंबरला मी एकटीच त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टना भेटले. पंचवीस मिनिटं बोलणं झालं, त्यांनी औषध बदललं. फी १,५०० रुपये. त्यांनी सुचवलं म्हणून मी आणि मिस्टर समुपदेशकांकडे गेलो, २,००० रुपये. माझीही झोप उडाली आहे, म्हणून मी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं, १,२०० रुपये. तिन्ही पावत्या माझ्या नावाच्या. सासूबाईंच्या मेडिक्लेमला पाठवल्या तर तिन्ही नाकारल्या: 'ओपीडी खर्च देय नाही, पेशंटचे नाव जुळत नाही.' धाकटे दीर न्यू जर्सीला असतात, ते म्हणतात तिकडे अशा भेटीचे पैसे इन्शुरन्स देतो. माझी नोकरी हिंजवडीत आहे, कंपनीच्या पॉलिसीत सासू-सासऱ्यांची नावं घातली आहेत. ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, 'त्यांना चार दिवस ॲडमिटच करा, तपासण्या होतील, तुम्हाला विश्रांती मिळेल आणि क्लेमही होईल.' काय करावं?

कोथरूडची एक सून

उत्तर

ताई, तुमच्या तीन पावत्या तीन वेगळ्या जातीच्या आहेत आणि तुम्ही त्या एकाच पाकिटात घालून पाठवल्यात. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेमचे कागद हाताळणाऱ्या संस्थेच्या, टेबलावर बसलेल्या माणसाला एवढंच दिसलं की सासूबाईंच्या पॉलिसीवर सुनेच्या नावाची बिलं आली आहेत. त्याने ती परत लावली यात त्याचा फारसा दोष नाही. पण १,५०० रुपयांची पावती अजून जिवंत आहे, आणि तिच्यासाठी तुमच्या हातात थोडेच दिवस आहेत. म्हणून आधी तीच घेऊ.

आपल्याकडचा साधा मेडिक्लेम दाखल झाल्यावरचा खर्च देतो; नुसती डॉक्टरांची भेट, म्हणजे ओपीडी, त्यात नसते. याला एक मोठी पळवाट पॉलिसीतच लिहिलेली आहे, आणि बहुतेक घरांत ती वाया जाते. दाखल होण्याआधीचे काही दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे काही दिवस झालेला वैद्यकीय खर्चही पॉलिसी देते. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत हे दिवस अनुक्रमे ३० आणि ६० आहेत. इतर पॉलिसींत याहून जास्तही असतात, तेव्हा तुमच्या पॉलिसीचा आकडा उघडून बघा. ६० धरले तर १८ ऑगस्टपासून साठावा दिवस १७ ऑक्टोबरला येतो. तुम्ही डॉक्टरांना भेटलात तो बाविसावा दिवस होता. म्हणजे ती भेट मुदतीत बसते.

मुदतीत बसणं पुरेसं नाही. पॉलिसीतल्या व्याख्येत दोन अटी आहेत. पहिली, ज्या आजारासाठी दाखल केलं होतं त्याच आजाराचा हा खर्च असावा. दुसरी, दाखल-काळाचा मूळ क्लेम कंपनीने मान्य केलेला असावा. दुसरी अट तुमची पूर्ण झालेलीच आहे, कॅशलेस मिळालं आहे. सगळी गोची पहिलीत आहे. सासूबाई लघवीच्या संसर्गासाठी दाखल होत्या आणि तुम्ही गेलात न्यूरॉलॉजिस्टकडे. टीपीए म्हणणार, हा डिमेन्शियाचा नेहमीचा फॉलोअप, याचा संसर्गाशी काय संबंध?

इथे डिस्चार्ज कार्ड बाहेर काढा. 'निदान' या रकान्यात संसर्गाबरोबर डिलिरियम हा शब्द आहे का ते पाहा. डिमेन्शियाच्या पेशंटला संसर्ग झाला की अचानक भ्रम, रात्रीचा गोंधळ, मारहाण हे सुरू होतं, त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात, आणि संसर्ग गेला तरी तो काही आठवडे रेंगाळू शकतो. तुम्ही जे वर्णन केलं आहे ते त्याच्याशी जुळतं. नेमकं काय ते तुमचे डॉक्टर ठरवतील. मग शेवटी 'पुढील सल्ला' या ओळीत 'दोन आठवड्यांनी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा' असं काही लिहिलंय का पाहा. या दोन्ही गोष्टी असतील तर तुमची बाजू भक्कम आहे. डिलिरियम आहे पण फॉलोअपची ओळ नाही, तरी प्रयत्न करण्यासारखा आहे. दोन्ही नसतील, तर १,५०० रुपयांसाठी चपला झिजवू नका.

दुसरी चूक पाठवण्याच्या पद्धतीत झाली असणार. डिस्चार्जनंतरची बिलं नवा क्लेम म्हणून पाठवली की ती थेट ओपीडीच्या खड्ड्यात पडतात. ती मूळ दाखल-क्लेमच्या नंबराखालीच जायला हवीत. कॅशलेस मंजुरीच्या पत्रावर तो नंबर असतो. टीपीएच्या ॲपमध्ये 'पोस्ट हॉस्पिटलायझेशन' असा वेगळा पर्याय असेल तर तो निवडायचा. आणि कागदावर पाठवत असाल तर पहिल्याच ओळीत तो नंबर आणि डिस्चार्जची तारीख. बिलं सुटी सुटी पाठवू नका. १८ ऑगस्टनंतरची त्या आजाराची औषधं, लघवीची पुन्हा केलेली तपासणी, फॉलोअपची फी, सगळं एकत्र करून एकदाच द्या. आरोग्य संजीवनीत हा क्लेम डिस्चार्जनंतरचे उपचार संपल्यापासून १५ दिवसांत द्यायचा असतो, म्हणजे तुमच्या हिशेबाने १ नोव्हेंबरच्या आत. औषधांच्या बिलाबरोबर ते औषध ज्यावर लिहिलंय ते प्रिस्क्रिप्शन हवंच. प्रिस्क्रिप्शनविना केमिस्टचं बिल म्हणजे नुसता कागद.

पावतीवरचं नाव

आता नाव. पावतीवर तुमचं नाव का आलं? रिसेप्शनवरच्या मुलीने 'नाव सांगा' म्हटलं, तुम्ही तुमचं सांगितलंत, पैसे तुमच्या मोबाइलवरून गेले. हे सर्रास होतं. पण विम्याच्या भाषेत पेशंट म्हणजे ज्याच्या आजारावर सल्ला घेतला तो. समोर खुर्चीत बसलेला माणूस म्हणजे पेशंट नव्हे. भेट सासूबाईंच्या फाइलवर झाली, औषध त्यांचं बदललं, तर पावतीही त्यांच्याच नावाची हवी.

दवाखान्यात जाऊन दुरुस्ती मागा. दुरुस्ती याचा अर्थ त्याच नंबरच्या, त्याच तारखेच्या पावतीवर नाव बदलून सही-शिक्का, किंवा जुनी रद्द केल्याची नोंद करून तिच्या बदल्यात दिलेली पावती. मागची तारीख टाकून नवी कोरी पावती फाडून घेऊ नका. पैसे तुमच्या यूपीआयने गेले असले तरी क्लेमला त्याची अडचण नाही. पैसे कोण देतो यापेक्षा आजार कोणाचा हे तिथे बघतात. (आयकरात मात्र नेमकं उलटं आहे, ते पुढे सांगतो.)

पावतीपेक्षा महत्त्वाचा केसपेपर. तुमच्याकडचा कागद बहुधा असा असेल: वर तारीख, खाली दोन औषधं, बस. रक्तदाब नाही, तपासणी नाही, पेशंट आला होता की नाही याचा उल्लेख नाही. टीपीएच्या शंका, म्हणजे क्वेरी, इथून सुरू होतात. डॉक्टरांना विनंती करून एवढा मजकूर मागा:

'पेशंटचे नाव, वय, फाइल नंबर. आज पेशंट उपस्थित नाही. माहिती सुनेने दिली. डिमेन्शिया, ऑगस्टमधील दाखल-काळात झालेल्या डिलिरियमनंतर रात्रीची अस्वस्थता कायम. अमुक औषध बंद, अमुक सुरू. पुढील भेट अमुक तारखेला.' खाली सही, शिक्का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक.

यातलं वैद्यकीय वाक्य डॉक्टरांना तसं वाटत असेल तरच ते लिहितील, आणि तसंच असावं. 'पेशंट उपस्थित नाही' हे वाक्य मात्र गाळू देऊ नका. अनेकांना वाटतं, ते लिहिलं की क्लेम जाईल. उलट आहे. पेशंटला तपासलं असं खोटं लिहून घेतलं आणि पुढे चौकशीत ते उघडं पडलं, तर १,५०० रुपयांपायी सहा वर्षांची पॉलिसी धोक्यात येते. वैद्यकीय खर्चाची पॉलिसीतली व्याख्या 'विमाधारकाच्या आजारावरील उपचारासाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेला आवश्यक आणि प्रत्यक्ष खर्च' अशा अर्थाची आहे. विमाधारकाने दर वेळी देहाने हजर असलं पाहिजे असं त्या व्याख्येत नाही. टीपीएने 'पेशंट नव्हता' एवढ्यावर नाकारलं, तर 'पॉलिसीच्या कोणत्या कलमानुसार?' हा एकच प्रश्न लेखी विचारा. नाकारताना कलम दाखवणं हे कंपनीचं काम आहे.

पुढच्या वेळी हीच भेट कशी घ्यावी

सासूबाईंना न हलवता डॉक्टरांशी बोलण्याचा सरळ मार्ग २५ मार्च २०२० पासून कागदावर आहे. त्या दिवशी आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये काळजीवाहकाने डॉक्टरांचा सल्ला घेणं हा वेगळा प्रकारच धरला आहे. पेशंट काळजीवाहकाशेजारी असेल तर प्रश्नच नाही. पेशंट शेजारी नसला तरी दोन परिस्थितींत चालतं: पेशंट १६ वर्षांपर्यंतचा असेल किंवा स्वतः बोलण्याच्या अवस्थेत नसेल, आणि इथे उदाहरण म्हणून डिमेन्शियाचंच नाव दिलं आहे, किंवा काळजीवाहकाकडे पेशंटची लेखी परवानगी, नात्याचा पडताळलेला कागद असेल, अथवा पेशंटने आधीच्या प्रत्यक्ष भेटीत तशी संमती दिलेली असेल. आणि ११ जून २०२० च्या परिपत्रकाने विमा नियामकाने कंपन्यांना सांगितलं की पॉलिसीत जिथे डॉक्टरांचा सल्ला मान्य आहे तिथे टेलिमेडिसिनही मान्य करा. पॉलिसीत ओपीडी नसेल तर फोनवरची भेटही मिळणार नाही, हे उघड आहे. पण डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांत व्हिडिओवरची भेट ही प्रत्यक्ष भेटीइतकीच खरी.

मग दुसरा फॉलोअप १७ ऑक्टोबरच्या आत असा घ्या: सासूबाई त्यांच्या खुर्चीत, दुपारी, जेव्हा त्या शांत असतात तेव्हा. दोन मिनिटं डॉक्टर त्यांच्याशी बोलतील, मग तुम्ही फोन घेऊन गॅलरीत. बुकिंग सासूबाईंच्या नावाने, पावती त्यांच्या नावाने, प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक. शेड्यूल एक्समधली (कडक नियंत्रणाखालची) आणि अंमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं या मार्गाने लिहून मिळत नाहीत. त्यांच्यासाठी जावंच लागतं.

एक कागद आत्ताच करून ठेवा. सासूबाईंना ज्या वेळात बऱ्यापैकी उमजतं त्या वेळी, साध्या कागदावर, 'माझ्या आजाराची माहिती माझ्या मुलाला व सुनेला द्यावी, कागदपत्रं त्यांना द्यावीत' असं लिहून त्यांची सही किंवा अंगठा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये नामनिर्देशित प्रतिनिधीची नेमणूक अशाच साध्या कागदावर करता येते, स्टॅम्प पेपर लागत नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार पेशंटने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात. त्यातल्या 'अधिकृत' या शब्दासाठी हा कागद उपयोगी पडतो.

समुपदेशकांचे २,००० रुपये

ही पावती सोडून द्या. विम्यात 'डॉक्टर' म्हणजे मेडिकल कौन्सिलकडे नोंदलेली व्यक्ती. समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते कितीही उत्तम असले तरी या व्याख्येत बसत नाहीत, त्यामुळे ओपीडीचं कव्हर असलेल्या पॉलिसीतही ही बिलं बहुधा अडकतात. शिवाय सल्ला तुम्हा दोघांना दिला होता. पुण्यातल्या आधारगटांत पेशंटला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर असे सुंदर शब्द वापरतात, पण विमा कंपनीच्या वहीत शुभंकराचा रकानाच नाही.

तुमच्या दिरांचं खोटं नाही. अमेरिकेत मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने, १ जानेवारी २०२४ पासून काळजीवाहकाला दिलेल्या प्रशिक्षणाचे पैसे, पेशंट समोर नसतानाही, द्यायला सुरुवात केली. मात्र तिथेही ते प्रशिक्षण पेशंटच्या उपचारांच्या आराखड्यात बसावं लागतं, पेशंटची किंवा त्याच्या प्रतिनिधीची संमती लागते, आणि बिल पेशंटच्याच मेडिकेअरवर जातं, मुलाच्या किंवा सुनेच्या विम्यावर नाही. सासूबाई मेडिकेअरमध्ये नाहीत, तेव्हा न्यू जर्सीतून काही हलणार नाही. दिरांना मदत करायचीच असेल तर समुपदेशकांची फी त्यांनी भरावी, हा सोपा उपाय.

तुमचे स्वतःचे १,२०० रुपये

ही पावती तुमच्या नावाची आहे आणि तशीच राहायला हवी, कारण इथे पेशंट तुम्ही आहात. ती सासूबाईंच्या पॉलिसीवर जायचा प्रश्नच नव्हता. कंपनीच्या पॉलिसीची पुस्तिका एचआरकडून मागवा आणि तीन गोष्टी बघा: ओपीडीची रक्कम आहे का, असेल तर ती कोणाकोणाला लागू आहे, आणि ठरावीक ॲपवरून, ठरावीक डॉक्टरांकडेच गेलं पाहिजे अशी अट आहे का. बऱ्याच कंपन्यांत सासू-सासरे दाखल-खर्चासाठी कव्हर असतात पण ओपीडी फक्त कर्मचारी, जोडीदार आणि मुलांना असते. तसं असेल तर सासूबाईंची १,५०० ची पावती इथेही चालणार नाही, तुमची १,२०० ची चालेल.

'मानसिक आजार असेल तर विमा मिळत नाही' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. २०१७ च्या त्याच कायद्याच्या कलम २१(४) नुसार मानसिक आजारावरच्या उपचारांना शारीरिक आजारांइतकाच विमा द्यावा लागतो. पण 'इतकाच' हा शब्द नीट वाचा: शरीराच्या आजाराची ओपीडी जर पॉलिसीत नसेल, तर मनाच्या आजाराचीही मिळत नाही.

ओपीडी नसेल तर एचआरला कर्मचारी साहाय्य योजनेबद्दल विचारा, ज्याला तुमच्याकडे बहुधा ईएपी म्हणत असतील. हिंजवडीतल्या अनेक कंपन्यांत ती असते आणि वर्षाला समुपदेशनाची काही सत्रं मोफत मिळतात. त्यात घरच्या आजारपणाचा ताण हा विषय चालतो. म्हणजे २,००० रुपयांचं जे काम तुम्ही बाहेर केलंत ते पुढच्या वेळी फुकट होऊ शकतं. आणि रात्री अडीच वाजता, जेव्हा सासूबाई दाराशी उभ्या असतात आणि तुम्हाला रडू येतं, तेव्हा १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत.

एक काळजी घ्या. आपलं नाव पुढे करून सासूबाईंसाठीचा सल्ला 'मला चिंतेचा त्रास आहे' असा दाखवून स्वतःच्या ओपीडीतून काढायचा मोह होतो. तो खोटा क्लेम तर आहेच, शिवाय ते निदान तुमच्या नावावर कायमचं चिकटतं. उद्या नोकरी सोडून स्वतःची पॉलिसी घ्याल तेव्हा अर्जात ते सांगावं लागेल. आणि तुम्हाला खरोखर औषध सुरू झालं असेल तर तेही अर्जात लपवू नका. पॉलिसीचे पहिले ६० महिने माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारला जाऊ शकतो.

'चार दिवस ॲडमिट करा'

त्या गृहस्थांना नमस्कार सांगा आणि सल्ला त्यांच्याकडेच ठेवू द्या. सगळ्या पॉलिसींतल्या प्रमाणित अपवादांमध्ये कोड ०४ म्हणजे मुख्यतः तपासण्यांसाठी दाखल होणं आणि कोड ०५ म्हणजे विश्रांती, पुनर्वसन व काळजीवाहकाला उसंत म्हणून दाखल करणं. दोन्ही स्पष्ट शब्दांत वगळलेले. कोड ०५ मध्येच आंघोळ घालणं, कपडे बदलणं, उठवणं-बसवणं यासाठीची घरची किंवा केंद्रातली मदतही येते, म्हणून ब्यूरोच्या मावशींचा पगार साध्या मेडिक्लेममधून निघत नाही. आणि पैशाचं सोडा: अनोळखी वॉर्ड, रात्रभर दिवे, दर दोन तासांनी बदलणारे चेहरे यांनी डिमेन्शियाच्या पेशंटचा गोंधळ वाढतो. चार दिवसांनी त्या घरी येतील तेव्हा तुमची विश्रांती व्याजासकट परत द्यावी लागेल.

खरोखर दाखल करण्याची वेळ आलीच, तर सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत, तेव्हा आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. वर्षाला ५ लाखांपर्यंत, उत्पन्नाची अट नाही, खासगी पॉलिसी असली तरी चालतं, योजनेतल्या रुग्णालयातच. त्यातही ओपीडी नाही. डिस्चार्जनंतरचे फक्त १५ दिवस.

आयकर, म्हणजे ज्याने पैसे दिले त्याचं नाव

इथे सुनांची हमखास फसगत होते. आयकरात 'पालक' म्हणजे स्वतःचे आई-वडील. सासू-सासरे त्यात येत नाहीत. सासूबाईंचा प्रीमियम तुम्ही तुमच्या खात्यातून भरलात तर तुम्हाला वजावट नाही, आणि तुमच्या मिस्टरांनाही नाही, कारण पैसे त्यांनी दिले नाहीत. आजपासून प्रीमियम, न्यूरॉलॉजिस्टची फी, औषधं, सगळं मिस्टरांच्या खात्यातून, यूपीआय किंवा कार्डाने. रोखीने नाही. हे सगळं त्यांनी जुनी करप्रणाली घेतली असेल तरच उपयोगाचं; नव्यात या वजावटी नाहीत.

कलम ८०डी खाली ६० वर्षांवरील पालकांच्या प्रीमियमची ५०,००० पर्यंत वजावट मिळते. विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या वैद्यकीय खर्चालाही याच मर्यादेत वजावट आहे, पण सासूबाईंची पॉलिसी चालू असल्याने त्यांच्या डॉक्टरांच्या फीला हा दरवाजा बंद. दुसरा उघडा असू शकतो: कलम ८०डीडीबी. त्यातल्या आजारांच्या यादीत डिमेन्शियाचं नाव आहे, मात्र ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व प्रमाणित झालेलं असावं लागतं. ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंतच्या प्रत्यक्ष खर्चाची वजावट, विम्यातून मिळालेली रक्कम वजा करून. त्यासाठी न्यूरॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं आणि त्यावर पेशंटचं नाव, वय, आजाराचं नाव, डॉक्टरांचं नाव, पत्ता, पदवी आणि नोंदणी क्रमांक हवा. वर केसपेपरसाठी जे मागितलं त्यातच हे बसवून घ्या, दोनदा जायला नको. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा ससून. त्याआधी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज. दाखला मिळाला तर कलम ८०डीडी चाही विचार सीएंबरोबर करा, तिथे ४० टक्क्यांना ७५,००० आणि ८० टक्क्यांना १,२५,००० ही ठोक वजावट आहे. कलमांचे हे क्रमांक जुन्या कायद्यातले. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात ते बदलले आहेत.

पुन्हा नाकारलं तर

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. टीपीएला नव्हे, टीपीए फक्त कागद हाताळतो, पॉलिसी कंपनीची असते. मजकूर लांबवू नका: 'पॉलिसी नंबर, मूळ क्लेम नंबर. डिस्चार्ज १८ ऑगस्ट. ९ सप्टेंबरचा न्यूरॉलॉजिस्टचा सल्ला हा डिस्चार्जनंतरच्या मुदतीत, दाखल-काळातील त्याच स्थितीसाठी आहे. डिस्चार्ज कार्डातील निदान व फॉलोअपची ओळ, केसपेपर आणि दुरुस्त पावती जोडली आहे. नाकारायचे असल्यास पॉलिसीतील कलम कळवावे.' विमा नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवरही हीच तक्रार नोंदवता येते, किंवा १५५२५५ वर फोन करा.

एक महिना उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. खरं सांगायचं तर एकट्या १,५०० साठी आम्ही तिथवर जा असं म्हणणार नाही. पण डिस्चार्जनंतरची औषधं, तपासण्या आणि दोन फॉलोअप मिळून आठ-दहा हजार होत असतील आणि ते सगळं एकाच कारणाने नाकारलं असेल, तर जरूर जा.

या आठवड्यात एवढं करा: डिस्चार्ज कार्ड, पॉलिसीतला डिस्चार्जनंतरच्या दिवसांचा आकडा, आणि न्यूरॉलॉजिस्टच्या रिसेप्शनला फोन. जाताना जुनी पावती घेऊन जा, आणि सुरुवातीलाच सासूबाईंचा फाइल नंबर सांगा, तुमचं नाव नको.